पडद्यावरचं गवत

नणंद-भावजयीतून विस्तव जात नाही असं ज्यांचं ठाम मत आहे, त्यांनी या दोघींच्या कारखान्यात एकदा येऊन बसावं. कारखाना हे आपलं म्हणायला. घराच्या तळमजल्यावर पूर्वी गाडी उभी असायची, ती लांबट खोली. गाडी विकली, तिच्या जागी दोन टेबलं आली, भिंगाचा दिवा आला, भिंतभर बारक्या ड्रॉवरांचं कपाट आलं आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आला. विजेच्या लहरीत कुठकुठल्या फ्रिक्वेन्सी किती जोरात आहेत, ते हे यंत्र पडद्यावर रेघ काढून दाखवतं. त्याच्या डोक्यावर चहाचा कप ठेवायची हिंमत घरात कोणाचीच नाही, कारण ते ताईचं आहे.

ताई म्हणजे मोठी नणंद. अख्खं आयुष्य तिने शांत ऑसिलेटर बनवण्यात घालवलं. ऑसिलेटर म्हणजे एका लयीत झुलत राहणारं सर्किट. जितकं न थरथरता झुलेल तितकं ते शांत. आणि बाईसाहेब स्वतःही तशाच. दिवसभरात मोजकी वाक्यं, त्यातली निम्मी 'हं' आणि उरलेली 'बघू'.

भावजय, म्हणजे या घरची सूनबाई, अगदी उलट. माहेरी तिला रेडिओ म्हणायचे. सकाळी सुरू झाला की झोप लागेपर्यंत चालू. ती सर्किटच्या बोर्डाशी बोलायची, सोल्डरच्या तारेशी बोलायची, हातातून निसटून टेबलाखाली गेलेल्या स्क्रूला जे काही ऐकवायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण कामात हुशार, त्यात वाद नाही. एका मोठ्या कंपनीत तिने वर्षानुवर्षं एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर जलद उड्या मारणारे सिंथेसायझर बनवले होते. आता त्या कंपनीने आपलं बस्तान परगावी हलवलं होतं आणि 'येताय की नाही ते महिनाअखेर कळवा' म्हणून सांगितलं होतं. गेलं तर नवरा आणि लेक इथे, ही तिकडे, आणि भेट रविवारची. तिला अजिबात जायचं नव्हतं. ताईच्या शेजारचं ते टेबल तिच्या मनात भरलं होतं. आडून आडून तिने ताईला विचारलंही. ताई म्हणाली, "हा एक बोर्ड होऊ दे. मग बघू."

या 'बघू'चा अर्थ काय लावायचा, हे तिने रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ताईचं बघू म्हणजे बघू." सख्ख्या भावाला जे कळत नाही ते परक्या घरातून आलेलीला कसं कळणार, सांगा. तिने तो विषय गिळला आणि बोर्डाच्या मागे लागली. बोर्ड झाला तर राहायचं, नाही झाला तर बॅग भरायची, इतका साधा हिशेब तिने मनाशी करून ठेवला.

बोर्ड होता बंदराच्या गस्ती बोटीसाठी. त्या बोटीवर एक यंत्र बसणार होतं, आणि ते समुद्रावरच्या होड्यांच्या एकेका चॅनेलवर कान देत फिरणार होतं, कुठे कोणी मदत मागतंय का म्हणून. कुठल्या क्षणी कुठला चॅनेल ऐकायचा ते सिंथेसायझरच्या हातात. हुकुमासरशी त्याने एक नेमकी फ्रिक्वेन्सी तयार करायची, पुढच्या हुकुमाला दुसरी. उडी जलद हवी, नाहीतर सगळ्या चॅनेलांची फेरी होईपर्यंत हाक विरून जायची. आणि फ्रिक्वेन्सी स्वच्छ हवी, नाहीतर शेजारच्या दांडग्या स्टेशनच्या गोंगाटात लांबच्या होडीची बारीक हाक बुडायची.

आता घोडं अडतं ते इथेच. न्हाणीघरात गरम-गार पाण्याचा नळ असतो ना, तसं आहे हे. पाणी पटकन जमवायला नळ भराभर फिरवला की कधी चटका, कधी गारठा. हळूहळू फिरवला तर पाणी बरोबर जमतं, पण तोवर माणूस कुडकुडून जातो. सिंथेसायझरमध्ये नळ फिरवणारा जो भाग असतो त्याला लूप म्हणतात. तो ऑसिलेटरची पक्क्या लयीच्या क्रिस्टलशी तुलना करतो आणि चूक दिसली की दुरुस्त करतो. लूप चपळ ठेवला की थरथर वाढते, संथ ठेवला की उडी लांबते. सूनबाईची युक्ती अशी, की उडी मारताना लूप चपळ ठेवायचा आणि फ्रिक्वेन्सी जमली की तत्क्षणी त्याला संथ करून टाकायचं. ताईचा ऑसिलेटर, सूनबाईचा लूप. ही कल्पना तिने पहिल्यांदा सांगितली तेव्हा ताईने "हं" केलं होतं, आणि ते चांगल्यातलं "हं" होतं.

बोर्ड झाला, पत्र्याच्या छोट्या डबीत बसला, वर झाकणही बसलं. उडी तर अशी की बघत राहावं. पोचल्यावर फ्रिक्वेन्सी शेवटी जराशी रेंगाळायची, पण ते चालण्यासारखं होतं. गडबड वेगळीच होती. पडद्यावर मधोमध एक उंच सुळका दिसायला हवा आणि दोन्ही बाजूंना सपाट जमीन. सकाळी, सूनबाई खाली यायच्या आधी, ताई मोजायची तेव्हा तसंच दिसायचं. दुपारी सूनबाई मोजायला बसली की सुळक्याच्या पायथ्याशी दोन्हीकडे गवत उगवलेलं. या धंद्यात गोंगाटाला गवतच म्हणतात. आणि हे गवत बंदराच्या माणसांनी घातलेल्या मर्यादेच्या चांगलं वर होतं.

सकाळी नाही आणि दुपारी आहे, म्हणजे उन्हाचा प्रताप, असं दोघींनी ठरवलं. तापलं की ऑसिलेटर बिघडतो, हे तर शेंबडं पोरही सांगेल. ताई निमूटपणे आपला ऑसिलेटर उसवायला बसली. कॉइल नवी गुंडाळली, ट्रान्झिस्टर बदलला, पुन्हा कॉइल गुंडाळली. तिची पाठ दुखत होती तरी भिंगाच्या दिव्याखालून तिने मान वर काढली नाही. सूनबाई शेजारी बसून तिला धीर देत होती, म्हणजे अखंड बोलत होती. सकाळी स्वच्छ, दुपारी गवत, हे काही बदललं नाही.

मग एक दुपार ढगाळ निघाली, चांगली गार. सूनबाईने मोठ्या आशेने मोजलं. गवत होतं तसंच. ताई उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "मी मोजते तेव्हा नसतं. तू मोजतेस तेव्हा असतं. काय करतेस तू?"

ताईला खरोखरच विचारायचं होतं. ती बाई टोमणा मारत नाही. टोमणा मारायला लागतात तेवढे शब्दच ती वापरत नाही. पण सूनबाईच्या डोक्यात महिनाअखेर आधीपासून घोळत होती, त्यामुळे तिला ते लागायचं तसं लागलं.

"म्हणजे माझ्या हाताला गुण नाही, असंच ना?" ती म्हणाली. "मी नको असेन तर तसं सरळ सांगा, ताई. बोर्डाच्या आडून कशाला?"

ताई आपल्या टेबलाकडे वळली. झालं. दुसऱ्या दिवशी सूनबाई खाली आली ती तोंडाला कुलूप लावूनच. 'सोल्डर द्या' नाही की 'चहा ठेवू का' नाही. हवं ते उठून घ्यायचं, परत बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ बंद पडला होता. आणि ताईला, जिला वर्षानुवर्षं शांतता हवी असायची, तिला ही शांतता सोसेना. दर थोड्या वेळाने ती भिंगाखालून डोळे वर करून बघायची आणि परत खाली घालायची. बोलायला सुरुवात कशी करतात हेच तिला माहीत नव्हतं, कारण आजवर ती वेळच आली नव्हती.

अबोल्याचा दुसरा दिवस उजाडला, आणि उद्या बंदराचा इंजिनिअर बोर्ड तपासायला येणार होता. सूनबाईने शेवटचं एकदा मोजायला घेतलं. एरवी चित्र स्थिर दिसावं म्हणून दोघी सरासरी लावून बघायच्या. यंत्र पुन्हा पुन्हा मोजतं आणि सगळ्यांचा मध्य काढून एकच गुळगुळीत रेघ दाखवतं. धंद्यातले सगळे असंच करतात. पण आज तिला उडी नेमकी पकडायची होती, म्हणून तिने सरासरी काढून टाकली. बघते तो काय, दुपार असूनही जमीन सपाट. सुळका स्वच्छ, गवताचं पातं नाही. तिने डोळे चोळले. ताईला सांगावंसं वाटलं, पण अबोला होता ना. तिने परत एकदा मोजायला घेतलं.

एवढ्यात जिन्यावरून सासूबाई उतरल्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या बोलतात ते गल्लीच्या टोकापर्यंत जातं. दोन दिवसांत खालून आवाज नाही, म्हणून त्यांनाही चैन पडेना. ऐकू येत नसलं तरी घर गप्प आहे हे त्यांना कळलं होतं.

"काय चाललंय तुमचं दोघींचं?" त्या दारातूनच गरजल्या. "लहान आहात का आता, रुसून बसायला?"

पडद्यावर गवत सरसरून वर आलं. सासूबाई थांबल्या, गवत खाली बसलं.

सूनबाई पडद्याकडे बघतच राहिली. ताईचं लक्ष नव्हतं, ती आईला काहीतरी खुणावत होती.

"आई," सूनबाई हळूच म्हणाली. एवढ्याशा शब्दालाही सुळक्याच्या बुडाशी गवत थरथरलं. तिने आवाज चढवला. "आई, परत बोला."

"काय बोलू?"

"काहीही. बोलत राहा."

"मी इथे भाषण ठोकायला आलेय का? समजूत घालायला आले तर हिचं आपलं भलतंच." शब्दागणिक गवत उठत होतं, बसत होतं. "ही एक अशी, ती एक तशी, आणि मधे माझं सँडविच. बोल म्हणे. वेड लागलंय का हिला?"

आता ताईही उठून आली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून सासूबाईंची समजूत पडद्यावर बघत होत्या. बोर्ड ऐकत होता. घरात ज्यांना ऐकू येत नाही त्यांचंच बोलणं तो सगळ्यात छान ऐकत होता.

सूनबाईच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला, आणि पाठोपाठ पायाखालची जमीन सरकली. लूपमध्ये फ्रिक्वेन्सी ठरवणारा विजेचा दाब साठवून धरणारे दोन कपॅसिटर असतात. ताईच्या जुन्या पद्धतीत तिथे प्लास्टिकच्या फिल्मचे, चांगले ठोकळ्याएवढे कपॅसिटर असत. ते ठेवले असते तर डबीचं झाकण बसलं नसतं. म्हणून तिने, ताईला न विचारता, त्यांच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढे सिरॅमिकचे लावले होते. 'कसं सुटसुटीत झालं की नाही,' असं तेव्हा ती बोर्डालाच म्हणाली होती. या सिरॅमिकला एक खोड असते. आवाजाने ते कणभर दबतं, आणि दबलं की त्यात वीज उमटते. लूप चपळ असता तर त्याने ही बाहेरून आलेली थरथर मारून टाकली असती. पण उडीनंतर संथ होण्याची युक्ती हिचीच, मग तो कशाला मारतोय. वर सरासरीने शब्द आणि गप्प बसण्याच्या जागा एकत्र कालवून टाकलेल्या, म्हणून इतके दिवस पत्ता लागला नाही.

म्हणजे सकाळी ऊन नव्हतं म्हणून नव्हे, ती नव्हती म्हणून बोर्ड शांत होता. आणि ताई इतके दिवस पाठ मोडून आपला निर्दोष ऑसिलेटर उसवत बसली होती.

सांगावं की नाही, हा प्रश्न तिला पडला नाही असं म्हणणं खोटं होईल. पडला. महिनाअखेर, बॅग, लेकीची शाळा, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. मग ती म्हणाली, "ताई, तुमच्या ऑसिलेटरमध्ये काही नव्हतंच. कपॅसिटर मी बदलले. सिरॅमिकचे लावले, झाकण बसावं म्हणून. तुम्हाला विचारलं नाही." आणि तिला रडू आलं. रडण्याचंही गवत उगवलं, पण ते बघायला कोणाला सवड होती.

सासूबाईंनी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन सगळं परत ऐकून घेतलं. मग त्यांनी तोडगा काढला. "मग त्यात काय एवढं. उद्या तो माणूस आला की दोघी तोंड मिटून बसा. झालं काम."

ताई हसली. खरंच हसली, आवाज करून. "आई, बोटीचं इंजिन गप्प बसत नाही गं."

मग ती कपाटाकडे गेली, एकामागून एक ड्रॉवर उघडत फिल्मचे कपॅसिटर शोधायला लागली. सूनबाईला वाटत होतं आता काहीतरी बोलेल, रागावेल तरी. ताईने दोन ठोकळे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "तू काढ. माझे डोळे दमलेत."

संध्याकाळ त्यातच गेली. ठोकळे उभे बसेनात, म्हणून आडवे झोपवले. आडवे झोपवले तर झाकण टेकेना, म्हणून ताईने झाकणाच्या चारी कोपऱ्यांना उंच नळ्या दिल्या आणि उघड्या पडलेल्या फटीला पत्र्याची पट्टी सोल्डर केली. डबी अगदीच ढेरपोटी दिसायला लागली. पण मोजलं तेव्हा सासूबाईंनी अख्खा शेजारपाजार तोंडी लावला तरी जमीन सपाट राहिली. आणि उडीच्या शेवटी जे जरासं रेंगाळणं होतं, तेही गेलं. सिरॅमिकला आधीचा दाब पटकन सोडवत नव्हता, फिल्मने तो क्षणात सोडला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सूनबाईला आनंद झाला, खूप झाला, पण त्या आनंदाला टाचणी टोचलेलीच होती. बोर्ड झाला खरा, पण चूक तिची निघाली. आता ते 'बघू' कुठल्या बाजूला झुकणार, हे विचारायची तिला हिंमत होईना.

दुसऱ्या दिवशी बंदराचा इंजिनिअर आला. कपाळावर कायमची आठी, बोलण्यात नेमका. आल्या आल्या त्याने डबी हातात घेऊन फिरवली. "जाड झालीये ही. चित्रात बारीक होती."

"कालपर्यंत बारीक होती," ताई म्हणाली. "कालपर्यंत माणसांचं बोलणंही ऐकत होती. हिने शोधून काढलं." तिने मानेने सूनबाईकडे दाखवलं. इतकंच. चूक कोणाची हे त्यात कुठे आलं नाही, आणि खोटंही काही नव्हतं.

इंजिनिअरची आठी आणखी खोल गेली. "बोटीवर फार धडधड असते."

"तेच बघू," ताई म्हणाली. तिने सरासरी काढून टाकली आणि पेन्सिलीने झाकणावर टकटक केलं. सुळका हलला नाही. मग ती सूनबाईकडे वळली. "आता तू बोल."

झालं काय, सूनबाईला एक शब्द सुचेना. जन्मभर जिला गप्प बस म्हणून सांगितलं, तिला आज कोणी बोल म्हणत होतं. शेवटी तिने बेचा पाढा सुरू केला.

"मोठ्याने," पडद्यावरची नजर न काढता इंजिनिअर म्हणाला.

तिने आवाज चढवला. पाढा संपला. तो हाताने अजून, अजून अशी खूण करत होता, म्हणून ती बोलत राहिली, आणि एकदा सुटली ती सुटली. कंपनीने महिनाअखेरपर्यंत कळवायला सांगितलंय, तिकडे फक्त एक पलंग असलेली खोली मिळणारे, लेकीची वेणी नवऱ्याला घालता येत नाही, या टेबलावर दुपारचा उजेड किती छान येतो, ताईंचा ऑसिलेटर उगाचच उसवला गेला आणि त्याचं तिला फार वाईट वाटतंय, आणि तिला कुठ्ठेही जायचं नाहीये. इंजिनिअरने त्यातला एक शब्द ऐकला नाही. तो पडद्याकडे बघत होता. ताई तिच्याकडे बघत होती.

"बास," इंजिनिअर म्हणाला. "हलत नाही. मला पसंत आहे." त्याने उड्याही तपासल्या, त्यावर तर त्याची आठी चक्क सुटली. मग सामान आवरता आवरता त्याने खिशातून फोन काढला. "बोटीवर बसवल्यावर काही अडलं तर विचारायचं कोणाला? महिनाभराने, वर्षाने कधीही अडतं."

"हिला विचारा," ताई म्हणाली. "ती इथेच असते."

सूनबाईने ऐकलं, पण ते आत पोचायला जरा वेळ लागला. तिने ताईकडे बघितलं. ताई झाकणाचे स्क्रू पुन्हा एकदा आवळत होती.

"नंबर?" इंजिनिअरने विचारलं.

सूनबाई सांगायला गेली. तिला स्वतःचाच नंबर आठवेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा चुकली. तेव्हा ताईने, स्क्रूवरची नजर न काढता, तो तोंडपाठ सांगितला.